चेहरा झाकून आग लावणाऱ्यास

अथेन्सच्या स्टाडिऊ रस्त्यावर ५ मे २०१० रोजी पेट्रोल बॉम्ब फेकणाऱ्या इसमास,

मायन्यात तुझं नाव नाही, कारण ते सांगण्याची हिंमत तुला कधी झाली नाही. पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहिण्याची आमच्याकडे रीत आहे. ती मी आज मोडते आहे. पत्र खुलं ठेवलं आहे, कारण तुझा पत्ता कुणापाशी नाही. शिवाय जे सांगायचं आहे, ते तुझ्या वाटेनं जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडायला हवं.

त्या दिवशी ग्रीसमध्ये सार्वत्रिक संप होता. देश कर्जात बुडाला होता. युरोपातली सरकारं आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी मिळून ११० अब्ज युरोंचं कर्ज द्यायला निघाले होते. त्या बदल्यात सरकारी नोकरांचे पगार कापायचे, निवृत्तांची पेन्शन कापायची आणि कर वाढवायचे. कर्जाचा डोंगर ज्यांनी उभा केला ते सुखरूप होते. फेड शिक्षकांनी, परिचारिकांनी, गोदीतल्या कामगारांनी करायची होती. लोक चिडले आणि रस्त्यावर आले. एवढा मोठा मोर्चा त्या शहरानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

त्या गर्दीत तूही होतास. काळे कपडे, डोक्यावर टोपी, तोंडावर फडकं. गर्दी संसदेकडे सरकत होती आणि तू नि तुझे साथीदार मार्फिन एग्नाटिया बँकेच्या शाखेपाशी थांबलात. काच फुटली, पेट्रोल आत गेलं, आग भडकली. आत माणसं कामावर होती. संपावर गेलात तर नोकरी जाईल, असा दम वरून भरला होता, असं त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर सांगितलं. काही जण बाल्कनीत येऊन वाचले. तिघं धुरात गुदमरून मेले. दोन स्त्रिया आणि एक पुरुष, तिघंही तिशीतले. त्यांतली एक चार महिन्यांची गरोदर होती.

त्याच दिवशी त्याच रस्त्यावरच्या इयानोस या पुस्तकांच्या दुकानावरही पेट्रोल बॉम्ब पडले. बँक तरी तुझ्या यादीत का होती ते कळतं. पुस्तकांच्या दुकानानं कोणाची पेन्शन कापली होती?

तुझ्या बाजूचं आधी सगळं मोजून देते, म्हणजे मला काही कळत नाही असं म्हणायची सोय तुला राहणार नाही. तुझा राग खोटा नव्हता. डिसेंबर २००८मध्ये अथेन्सच्या एक्झार्खिया भागात एका पोलिसानं १५ वर्षांच्या शाळकरी मुलाला गोळी घालून मारलं, आणि त्यानंतर कित्येक दिवस ग्रीसची शहरं पेटत राहिली. ज्या पिढीनं ते पाहिलं तिनं पोलिसांवर विश्वास ठेवावा, असं मी सांगणार नाही. इटलीत २००१ साली जिनोव्हाच्या जी-८ परिषदेच्या वेळी २३ वर्षांच्या एका निदर्शकाला पोलिसांच्या गोळीनं मारलं. दुसऱ्या रात्री पोलीस दियाझ शाळेत घुसले आणि तिथं झोपायला आलेल्या लोकांना त्यांनी हाडं मोडेपर्यंत झोडपलं. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयानं २०१५ साली त्या मारहाणीला छळ ठरवलं. सत्तेची हिंसा तुझ्याहून कितीतरी मोठी आहे आणि तिच्या पाठीशी कायदा, पगार आणि गणवेश असतो. हे सगळं खरं आहे.

मार्फिन बँकेचं पापही माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. त्या इमारतीत आगीपासून बचावाची धड सोय नव्हती. निष्काळजीपणानं तिघांच्या मृत्यूला कारणीभूत झाल्याबद्दल बँकेच्या तीन अधिकाऱ्यांना ग्रीक न्यायालयानं २०१३ साली दोषी ठरवलं. ते योग्यच झालं. पण त्या अधिकाऱ्यांना नाव होतं, चेहरा होता, म्हणून त्यांना पिंजऱ्यात उभं करता आलं. तुला नाही. ज्यांनी बचावाचा दरवाजा ठेवला नाही त्यांचा निकाल लागला आणि ज्यानं आग लावली तो मोकळा राहिला. आग लागल्यावर बाहेर पडायला वाट नव्हती, हे आग लावणाऱ्याच्या बचावाचं कारण होऊ शकत नाही.

आता तुझ्या पराक्रमाचा हिशेब करू. दुसऱ्याच दिवशी, ६ मे रोजी, ग्रीसच्या संसदेनं काटकसरीचा तोच कायदा मंजूर केला. बाहेर लाखांच्या आवाजानं सरकारला घाम फुटावा अशी वेळ होती. त्याऐवजी देश तीन प्रेतांकडे बघत होता आणि सरकारला कुणाला उत्तर देण्याची गरज उरली नव्हती. पंतप्रधान शोक व्यक्त करत होते, विरोधक शोक व्यक्त करत होते, कापलेल्या पेन्शनचा प्रश्न मागे पडला होता. सरकारला हवी असलेली शांतता तू त्याला मिळवून दिलीस. मोर्चात पहिल्यांदा आलेली माणसं घरी गेली. पुन्हा तेवढी गर्दी ग्रीसच्या चौकांत जमायला पुढच्या वर्षीचा मे उजाडावा लागला. तेव्हा लोक अथेन्सच्या सिंटाग्मा चौकात आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसले, आणि त्यांनी सुरुवात केली ती उघड्या चेहऱ्यानं, सभा आणि चर्चा घेऊन.

बँकेचं काय झालं तेही ऐक. मार्फिन एग्नाटियाची मूळ बँक सायप्रसची. २०१३ साली ती खरोखरच बुडाली आणि गुंडाळावी लागली. तिला बुडवलं ते ग्रीक सरकारच्या रोख्यांनी आणि बुडीत कर्जांनी, म्हणजे तिच्याच कारभारानं. तुझ्या बाटलीमुळे तिच्या ताळेबंदाला ओरखडासुद्धा उठला नाही. भांडवलशाही जाळायला निघालास आणि महिनाअखेरीच्या पगारावर जगणाऱ्या तिघांना जाळून आलास. ज्यांचे पगार कापले जात होते, ज्यांना संपावर जायची मोकळीक नव्हती, अशाच माणसांसाठी तो मोर्चा निघाला होता.

तू म्हणशील, हे एक अपघाती प्रकरण झालं, पद्धतीला दोष कशाला? पद्धतीलाच दोष द्यायचा आहे. ब्लॅक ब्लॉक म्हणून जी रीत तू अंगीकारलीस ती १९८०च्या सुमारास पश्चिम जर्मनीत रुजली. रिकामी घरं ताब्यात घेऊन राहणारी तरुण मुलं आणि अणुभट्ट्यांना विरोध करणारे गट यांच्यावर पोलीस पाळत ठेवत, म्हणून सगळ्यांनी एकसारखे काळे कपडे घालायचे, तोंड झाकायचं, म्हणजे कोणी ओळखू येत नाही. स्वतःच्या बचावासाठी ही युक्ती होती, आणि बचावापुरती ती समजूही शकते. पण जो चेहरा लाठीपासून वाचवण्यासाठी झाकला, तोच झाकलेला चेहरा बाटली फेकताना जबाबदारीपासूनही वाचवतो. कृती तुझी आणि तिची किंमत दुसऱ्याची, अशी ही व्यवस्था आहे.

हे नवीन नाही. तुझ्या अराजकतावादी विचाराच्या इतिहासातलंच उदाहरण घे. ४ मे १८८६ला शिकागोच्या हेमार्केट चौकात आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी सभा भरली होती. सभा संपत आली होती, पाऊस येऊ लागला होता, लोक पांगत होते. पोलीस सभा उधळायला पुढे सरसावले आणि कुणीतरी त्यांच्यावर बॉम्ब फेकला. पोलीस मेले, त्यांच्या गोळीबारात कामगार मेले. बॉम्ब फेकणारा कोण, हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. खटला मात्र आठ अराजकतावादी कार्यकर्त्यांवर चालला. चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फासावर चढवलं, एक जण त्याआधीच कोठडीत मेला. उरलेल्या तिघांना १८९३ साली इलिनॉयच्या गव्हर्नरनं माफी दिली आणि खटलाच अन्यायाचा होता असं जाहीरपणे सांगितलं.

फासावर गेलेल्या चौघांतला अल्बर्ट पार्सन्स बॉम्ब फुटण्याआधीच बायकामुलांसह सभेतून निघून गेला होता. पोलिसांना तो सापडत नव्हता. खटला सुरू झाला त्या दिवशी तो आपल्या पायांनी न्यायालयात चालत आला आणि सहकाऱ्यांच्या शेजारी आरोपी म्हणून बसला. न केलेल्या गुन्ह्यासाठी त्यानं फाशी पत्करली. ज्यानं खरोखर बॉम्ब फेकला तो गर्दीत विरून गेला. तू स्वतःला या दोघांपैकी कोणाचा वारस मानतोस, एवढं एकदा सांग. पार्सन्सचं नाव घेण्याचा अधिकार तुला नाही. तुझं नातं त्या दुसऱ्याशी आहे, आणि इतिहासात त्याला नाव नाही.

आमच्याकडेही तुझ्या परंपरेचे धागे आहेत. म्हणून मला तुझ्याशी बोलण्याचा अधिकार आहे असं मी मानते. भगतसिंगनं १९२८ साली ‘किरती’ या पंजाबी मासिकात अराजकतावादावर लेखमाला लिहिली. ऑगस्त वायां या फ्रेंच अराजकतावाद्यानं १८९३ साली पॅरिसच्या प्रतिनिधीगृहात बॉम्ब फेकला होता. बहिऱ्यांना ऐकू जावं म्हणून मोठा आवाज लागतो, हा त्याचा विचार भगतसिंगनं उचलला. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात फेकलेल्या पत्रकात वायांचा उल्लेख आहे. पण भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब फेकला तो रिकाम्या बाकांच्या दिशेनं, कोणी मरू नये अशा बेतानं. नंतर पळून जाणं शक्य असताना दोघं जागेवर उभे राहिले, पत्रकं उधळली, घोषणा दिल्या आणि स्वतःला अटक करवून घेतली. न्यायालयाच्या पिंजऱ्याचं त्यांनी व्यासपीठ केलं. साँडर्स या पोलीस अधिकाऱ्याचा वध भगतसिंगच्या नावावर आहे आणि त्यावर वेगळा वाद होऊ शकतो; तो वादही होऊ शकतो, कारण भगतसिंगला नाव आहे, चेहरा आहे. तुझ्याशी वाद घालायला तू समोर तरी कुठे आहेस?

पॅरिसमधल्या बॉम्बनं फ्रान्समध्ये काय आणलं, तेही तुला माहीत असायला हवं. काही दिवसांतच वृत्तपत्रांचा आणि संघटनांचा गळा आवळणारे कायदे झाले. बॉम्बशी काडीचा संबंध नसलेले कार्यकर्ते, लेखक, छापखानेवाले त्यांत भरडले गेले. तुझ्या विचाराचा सर्वांत मोठा अभ्यासक क्रोपोट्किन यानं त्याआधीच, १८९१ साली, लिहून ठेवलं होतं की शतकानुशतकांच्या इतिहासानं उभी केलेली व्यवस्था काही किलो स्फोटकांनी पडत नाही. ज्यांची चित्रं तू भिंतीवर रंगवतोस त्यांचं लिहिलेलं एकदा वाचलं असतंस तरी पुरे होतं.

आता बुरख्याकडे वळू, कारण तुझा सगळा भरवसा त्याच्यावर आहे. ऑगस्ट २००७मध्ये कॅनडातल्या मॉन्टेबेलो गावी तीन देशांच्या नेत्यांची बैठक भरली होती. बाहेर कामगार संघटनांची निदर्शनं शांततेत चालली होती. त्यांत तोंडाला फडकी बांधलेले तीन धटिंगण घुसले, एकाच्या हातात दगड होता. एका कामगार नेत्यानं त्यांना अडवलं आणि चेहरा दाखवा म्हणून ठणकावलं. तेव्हा तिघं पोलिसांच्या रांगेत शिरले आणि पोलिसांनी त्यांना पकडल्यासारखं केलं. छायाचित्रांत त्यांच्या बुटांचे तळवे पोलिसांच्या बुटांसारखेच दिसले. तीन दिवसांत क्युबेकच्या पोलिसांना कबूल करावं लागलं की ती माणसं त्यांचीच होती. जिनोव्हाच्या दियाझ शाळेत तर पोलिसांनी स्वतःच दोन पेट्रोल बॉम्ब आणून ठेवले आणि आत झोपलेल्यांच्या नावावर खपवले. हे खोटं लोकांच्या गळी उतरवणं सोपं होतं, कारण आदल्या दिवशी तुझ्यासारख्यांनी रस्त्यावर तेच केलं होतं.

याचा अर्थ लक्षात घे. तू तोंड झाकतोस तेव्हा पोलिसांच्या माणसासाठी जागा तयार करतोस. ज्या गर्दीत कुणाचाच चेहरा दिसत नाही, त्या गर्दीत सरकारचा दगड आणि तुझा दगड वेगळा ओळखता येत नाही. उघड्या चेहऱ्याच्या मोर्चात अशा माणसाला बाहेर काढता येतं; मॉन्टेबेलोच्या त्या कामगार नेत्यानं ते करून दाखवलं.

तुझं शेवटचं शस्त्र मला ठाऊक आहे. शांततेनं कोणी ऐकत नाही, असं तू म्हणशील आणि सिएटलचं नाव घेशील. घे. ३० नोव्हेंबर १९९९ला जागतिक व्यापार संघटनेची परिषद सिएटलमध्ये उघडायची होती. भल्या सकाळी हजारो निदर्शकांनी चौकाचौकांत हातात हात गुंफून, नळकांड्यांत हात अडकवून रस्ते अडवले. प्रतिनिधी सभागृहापर्यंत पोहोचूच शकले नाहीत आणि उद्घाटनाचा कार्यक्रम रद्द झाला. ते केलं बसून राहिलेल्यांनी, अश्रुधूर सोसलेल्यांनी. स्टारबक्स आणि नाइकीच्या काचा फोडणारे नंतर आले आणि जगभरच्या दूरचित्रवाणीवर तेच दिसले. परिषद फिसकटली त्याला गरीब देशांच्या प्रतिनिधींनी श्रीमंत देशांपुढे वाकायला दिलेला नकारही कारण होता. फुटलेल्या काचांनी एक कलमसुद्धा बदललं नाही.

आणि माझ्या महाराष्ट्रातली गोष्ट ऐक. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईकडे हजारो शेतकरी पायी निघाले. बरेचसे आदिवासी, कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क मागणारे. उन्हात सुमारे १८० किलोमीटर चालून त्यांच्या पायांची सालटी निघाली होती. ११ मार्चला ते मुंबईत शीवच्या सोमय्या मैदानावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. सकाळी मोर्चा निघाला तर वाहतूक अडेल आणि मुलांचा पेपर चुकेल, म्हणून ते रात्रीच उठले आणि पहाटेपर्यंत चालत आझाद मैदानावर आले. ज्या मुंबईला त्यांच्या शेताचं सोयरसुतक नव्हतं, ती मुंबई पाणी, बिस्किटं आणि चपला घेऊन त्यांच्यासाठी रस्त्यावर आली. सरकारला लेखी आश्वासन द्यावं लागलं. सगळी आश्वासनं पाळली गेली नाहीत, म्हणून २०१९ साली तेच शेतकरी पुन्हा निघाले. पुन्हा निघू शकले, हे महत्त्वाचं. मोर्चात गेलेली म्हातारी घरी सुखरूप परत आली होती, म्हणून पुढच्या मोर्चाला ती पुन्हा तयार होती.

आंदोलनाची ताकद यात असते: उद्या किती जण परत येतील आणि त्यांच्यासोबत नवे कोण येतील. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टेफन यांनी १९०० ते २००६ या काळातल्या ३२३ मोहिमा तपासल्या. त्यांना आढळलं की अहिंसक मोहिमा हिंसक मोहिमांच्या साधारण दुप्पट प्रमाणात यशस्वी झाल्या, आणि त्यामागचं मोठं कारण हेच होतं की त्यांत खूप जास्त लोक भाग घेऊ शकतात. तू बाटली फेकतोस तेव्हा मोर्चात कोणी यायचं ते तू एकटा ठरवतोस. म्हाताऱ्याला तू घरी पाठवतोस, लेकरू कडेवर घेतलेल्या बाईला घरी पाठवतोस, दम्याच्या रुग्णाला, कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरिताला, नोकरी जाण्याची भीती असलेल्या कारकुनाला घरी पाठवतोस. उरतात ते धडधाकट, वेगानं पळू शकणारे तरुण. कुणाची सत्ता कुणावर चालू नये असं म्हणणाऱ्या माणसानं हजारोंच्या मोर्चावर स्वतःची सत्ता अशी गाजवावी, याची तुला लाज वाटायला हवी.

तुझ्या शेजारी चालणाऱ्यांनाही चार शब्द सांगायचे आहेत. २००८ साली अमेरिकेत सेंट पॉल इथं रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी निदर्शकांच्या गटांनी आपापसांत एक करार केला: प्रत्येकाला आपापला मार्ग मोकळा, आणि कुणी कुणाच्या मार्गावर जाहीर टीका करायची नाही. पुढे अनेक ठिकाणी तो आदर्श म्हणून स्वीकारला गेला. एकजूट टिकावी हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. पण मार्ग निवडणारा एक आणि त्याचे परिणाम भोगणारे दुसरे असतील, तर गप्प बसणं ही एकजूट राहत नाही. मार्फिनच्या आगीनंतर ग्रीसमधल्या कित्येक अराजकतावाद्यांनीच स्वतःला कडक प्रश्न विचारले. ते प्रश्न आग लागण्याआधी विचारायचे असतात. मोर्चा काढणाऱ्यांनी आधीच जाहीर करावं की आमच्यासोबत चालायचं तर चेहरा उघडा आणि हात रिकामे. स्वयंसेवक नेमावेत आणि जो ऐकणार नाही त्याला बाजूला काढावं. हे काम पोलिसांवर सोपवलं तर पोलीस सगळा मोर्चाच झोडपतील.

दहा वर्षांनी, ५ मे २०२० रोजी, स्टाडिऊ रस्त्यावर त्या तिघांच्या स्मरणार्थ फलक लागला. तेव्हाही तू समोर आला नव्हतास. जे मूल जन्मालाच आलं नाही ते तेव्हा शाळेत जात असतं.

अजून वेळ गेलेली नाही. अथेन्समधल्या कुठल्याही न्यायालयात जा. तोंडावरचं फडकं काढ. नाव सांग, काय केलंस ते सांग, का केलंस तेही सांग. तुझा युक्तिवाद खरा असेल तर तो पिंजऱ्यातूनही जगाला ऐकू जाईल. पार्सन्सचा गेला, भगतसिंगचा गेला. आणि एवढं तुला जमणार नसेल, तर जुलूम, मुक्ती, जनता हे शब्द पुन्हा तोंडी आणू नकोस. त्या दिवशी तू तीन कामगारांना मारलंस आणि पळून गेलास. याला खून म्हणतात.

मोर्चात उघड्या चेहऱ्यानं चालणारी,
एक नागरिक